तिसऱ्यांदा विचारलं की

सबिना गावागनच्या घरी कुणी आलं आणि तिनं चहाचं विचारलं, की येणारा म्हणायचा, "नको नको, आत्ताच घेऊन निघालोय." ती काही न बोलता किटली विस्तवावरच्या आकड्याला अडकवायची आणि पुन्हा विचारायची. तो म्हणायचा, "कशाला उगीच त्रास?" तोवर कप मांडून झालेले असायचे. तिसऱ्यांदा ती विचारायची ते पाठमोरी, पाव कापता कापता. मग पाहुणा खुर्ची पुढे ओढायचा. "बरं बाई, एवढं म्हणतेसच तर घोटभर." घोटभर म्हणजे तीन कप, सोड्याच्या पावाच्या जाड फाका आणि त्यावर बोटभर लोणी. आमच्या गॉर्टमोरा गावात पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर परगावचा.

कुठला नकार भरल्या पोटाचा आणि कुठला भुकेचा, हे सबिनाला नुसत्या आवाजावरून कळायचं. डोंगराला लागून राहणारा थेडी रुएन म्हणायचा, "सिबीच्या घरात खोटं बोलायची सोयच नाही राव. नको म्हणता म्हणता ढेकर येतो." एकदा गावात नवा आलेला तरुण पाद्री खरोखरच जेवून आला होता. त्यानं तीनदा नको म्हटल्यावर तिनं चौथ्यांदा विचारलंच नाही. त्याची टोपी आणून त्याच्या हातात दिली. "जा फादर, झोपा जाऊन. तुम्हाला चहा नकोय, गादी हवीय." पाद्री पुढं कितीतरी दिवस हे ज्याला त्याला सांगत होता. तीन घरं फिरल्यावर आपल्याला खरं काय हवंय ते ओळखणारं माणूस चौथ्या घरी भेटलं, म्हणायचा.

सबिनाची चाळिशी कधीच मागं पडली होती. हाडापेरानं मजबूत, तांबूस केसांत पांढऱ्याची भेसळ, आणि चालणं असं की मागच्यानं धापा टाकाव्यात. डुक्कर विकत घ्यायचं असेल तर पुरुष तिला सोबत न्यायचे. बाळंतपणात बायका तिलाच बोलवायच्या, आणि कुणी गेलं तर त्याला अखेरची आंघोळ घालायला तीच लागायची. एवढं सगळं तिच्या हाताला होतं. नव्हतं ते एकच. घर.

तिच्या बापानं जाताना जमीन, गाई, राहतं घर सगळं मुलाला दिलं, ऑस्टिनला. त्यात वावगं असं कुणालाच वाटलं नाही. सबिनाला तो म्हणाला होता, "तुझं काय, तू लग्न होऊन जाशील." मग आई अंथरुणाला खिळली. धाकट्या दोघी बहिणी बॉस्टनच्या बोटीवर चढल्या, आणि हिनं मागून यायचं असं ठरलं. आई सावकाशीनं गेली. ती गेली तेव्हा जाण्याचं वयही गेलेलं होतं आणि लग्नाचंही, आणि ऑस्टिनला पाव भाजता येत नव्हता.

ऑस्टिनचं ठरलेलं होतं, तेही कधीचं. पलीकडच्या खोऱ्यातल्या ऊना ब्रेहनीकडे तो दर रविवारी सायकल दामटत जायचा आणि अंधार पडायच्या आत परत यायचा. पण ऊनाच्या घरी म्हातारी आई होती, इकडे बहीण. एका चुलीशी दोन बायका नांदत नाहीत, हे सगळ्यांना पाठ होतं. त्यामुळं कुणी घाई केली नाही. गावातल्या पोरी म्हणायच्या, ऑस्टिनच्या सायकलीची तीन चाकं बदलून झाली, पण नवरी काही बदलली नाही. वसंतात ऊनाची आई गेली, आणि ईस्टर होऊन गेल्यावर एका दुपारी जेवताना ऑस्टिननं बटाटा सोलता सोलता विषय काढला.

"ऊनाची आई गेली."

"ठाऊक आहे. आंघोळ मीच घातली."

"हो. तेच." त्यानं बटाट्याचं साल ताटाच्या कडेला नीट रचलं. "तर आता, येत्या लेंटच्या आधी करावं म्हणतोय."

ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात लग्नं होत नाहीत, म्हणून सगळी लगीनघाई त्याआधीच्या आठवड्यांत. म्हणजे अजून उन्हाळा, सुगी आणि नाताळ एवढं मध्ये होतं.

"कधीच करायला हवं होतंस," सबिना म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

"तू कुठं जायचं नाहीस. मागची खोली तुझीच."

"मागच्या खोलीत बियाण्याचे बटाटे असतात, ऑस्टिन."

"बटाटे हलवता येतील की."

"म्हणजे मी बटाट्यांच्या जागी."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"काय म्हणायचं होतं ते कळलंय मला. कोबी घे, निवतोय."

मागच्या खोलीतल्या बायका तिनं पाहिल्या होत्या. भावाच्या घरातल्या आत्या. स्वतः वर्षानुवर्षं फुंकलेल्या विस्तवावर किटली ठेवायलाही विचारणाऱ्या, कुणी आलं की उठून आत जाणाऱ्या, पोरांचे पायमोजे विणता विणता हळूहळू सगळ्यांच्या नजरेतून विरून जाणाऱ्या. ऊना चांगली होती, तिनं छळ मांडला नसता. पण चांगल्या घरातही मागची खोली मागचीच असते. सबिनाला स्वतःचं दार हवं होतं. लहान असलं तरी चालेल, गळकं असलं तरी चालेल. आत कोण येईल, आत काय शिजेल, हे जिला कुणाला विचारावं लागत नाही अशा बाईचं दार.

त्याच ईस्टरला मार्टिन डर्कन शिकागोहून परतला होता. पोरगेला असताना गेला तो कानशिलं पांढरी करून आला. ना बायको ना पोर, वर रुंद खांदे, रुंद हसू आणि भडक तपकिरी कोट. बापाच्या जुन्या गवताच्या छपराच्या घराशेजारीच त्यानं नवं घर बांधायला घेतलं. पाटीच्या दगडाचं छप्पर आणि दुकानाला असते तशी मोठी खिडकी. "त्या खिडकीतून काय विकणार आहेस?" लोक विचारायचे. तो खळखळून हसायचा. चेष्टा कळली की नाही, हे मात्र त्याच्या हसण्यावरून समजायचं नाही.

उन्हाळ्यात गवत कापायला एकमेकांच्या शेतावर जायची रीत. गावागनांच्या कुरणावर मार्टिन आला, आणि कायमचा गडी असल्यासारखा काम करू लागला. हाताला फोड आले तरी बोलला नाही. सबिनानं ते पाहिलं. दुपारी ती बाटल्यांतून चहा घेऊन आली, तेव्हा बाकीचे ओढ्याकाठी गेले होते आणि मार्टिन एकटाच गंजीला टेकून बसला होता. तिनं आपल्या एप्रनच्या कडेची पट्टी फाडून त्याच्या तळव्याला बांधली. त्यानं निमूट हात पुढे धरला होता.

"सबिना," तो म्हणाला, "माझं घर नाताळाआधी पुरं होईल. त्यात बाई हवी. मला तू हवी आहेस. तुला चालेल का?"

तिला झालं, नाचाच्या रात्री दाराशी उभं राहावं आणि आतून फिडल सुरू व्हावं, तसं. पण तोंडातून निघालं ते तिच्या आईच्या, आजीच्या, साऱ्या गॉर्टमोराच्या तोंडातून निघालं असतं तेच.

"छे, छे. भलतंच काय. मला कसं जमेल?"

मार्टिननं मान हलवली. "ओके," तो म्हणाला. "विचारलं म्हणून राग मानू नकोस." आणि उठून गवत उचलायच्या काट्याचं दांडकं उचलून कामाला लागला.

त्या संध्याकाळी सबिना गाणं गुणगुणत धार काढत होती. दुसऱ्यांदा विचारलं की काय म्हणायचं ते तिनं ठरवून टाकलं. म्हणायचं, या वयात लोक हसतील. तिसऱ्यांदा विचारलं की काहीच म्हणायचं नाही, नुसतं बघायचं. रविवारी चर्चमधल्या मासहून आल्यावर तिनं चांगला टेबलक्लॉथ काढला, मनुका घालून केक भाजला. कुणी आलं नाही. केक ऑस्टिननं खाल्ला. "आज काय आहे?" त्यानं विचारलं. "रविवार," ती म्हणाली. पुढच्या रविवारी तिनं पुन्हा केक भाजला. मार्टिन रस्त्यानं जाताना दिसला की हॅट उचलायचा, छान हसायचा आणि पुढं जायचा. त्या हसण्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. तिला तेच उमगेना. मागं वळून पुन्हा विचारायचं नसलेला पुरुष असा मोकळा हसतो, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

उलगडा केला तो थेडीनं. सुगी आटोपत आली तेव्हा एका दुपारी तो आला, तोच कुरकुरत. दोन नकार देण्याइतकाही धीर त्याला नव्हता.

"सिबी, चहा ठेव गं. घसा पार सुकलाय माझा."

"आजारी आहेस का?"

"आजारी नाही, पाहुणचार झालाय. मार्टिनकडे गेलो होतो, छप्पर बघायला. त्याला कौतुक केलेलं आवडतं, तर केलं. तासभर केलं. मग तो म्हणाला, चहा घेणार? मी म्हटलं, नको नको, आत्ताच घेऊन निघालोय."

"मग?"

"मग काय! म्हणाला, ओके. आणि किटली ठेवली की गं खाली. विस्तवावर चढवलेली किटली! माझ्या डोळ्यांदेखत! मी आणखी अर्धा तास बसलो, पावसाचं बोललो, खिडकीचं बोललो, दोनदा खोकलो. नाहीच विचारलं. माझा बाप आणि त्याचा बाप एका भांड्यातून प्यायले, आणि मी तिथून कोरडा उठलो."

सबिनाच्या हातातला कप तसाच राहिला.

"त्याला वाटलं तुला नको आहे," ती हळू म्हणाली.

"म्हणजे? मी नको म्हटलं म्हणून?" थेडीला हे नवीनच होतं. त्यानं त्यावर थोडा विचार केला. "एवढी वर्षं अमेरिकेत राहून माणसाचं हे असं होतं. बिचारा. त्याची आई कशी होती, आठवतं का?"

पण सबिना ऐकत नव्हती. गवताच्या गंजीशी म्हटलेला 'ओके' तिला आत्ता नीट ऐकू आला होता.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर तिनं चांगला निळा कोट अंगावर घातला आणि दलदलीच्या कडेच्या वाटेनं मार्टिनच्या घराकडे निघाली. दोन्ही बाजूंना जळणासाठी कापलेली टर्फची काळी ढेकळं वाळायला रचलेली होती. आपल्या पायांनी चालत जाऊन पुरुषाला हो म्हणायचं, असं गॉर्टमोरातल्या बाईनं केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आई असती तर तिनं पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं असतं. अर्ध्या वाटेवर सबिना थांबली, वळली, दोन पावलं परत गेली, आणि पुन्हा वळली. काय बोलायचं ते तिनं एका वाक्यात बसवलं होतं. मार्टिन, तू मोजायचं विसरलास, मी नाही.

तो जुन्या घरातून दगड बाहेर काढत होता. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"बरं झालं आलीस, सबिना. तुला मीच सांगायला येणार होतो. डिंप्ना कॉस्टेलो हो म्हणाली."

डिंप्ना म्हणजे लिव्हरपूलच्या गोदीत नवरा गमावून वर्षापूर्वी भावाकडे परतलेली. हसरी, कामसू, आणि बरीच वर्षं इंग्लंडात काढलेली.

"कधी?" सबिनानं विचारलं.

"शुक्रवारी. विचारल्या विचारल्या हो म्हणाली."

"चांगली बाई आहे," सबिना म्हणाली. "भाग्यवान आहेस." आवाज तिचाच होता, नेहमीसारखाच होता. तिनं कोटाची वरची गुंडी काढली आणि बघायला काहीतरी हवं म्हणून जुन्या घराकडे बघितलं. दोन खोल्या, चूल, वाकलेलं छप्पर, लहानसं दार.

"याचं काय करतोयस?"

"गोठा. गाई बांधीन म्हणतो."

वाटेत बसवलेलं वाक्य मोडून पडलं होतं. पण त्या वाक्यामागं जे होतं ते तसंच उभं होतं, आणि ते घेऊन रिकाम्या हातानं बटाट्यांच्या खोलीकडे परत जायचं तिच्या जिवावर आलं.

"मला दे हे घर," ती म्हणाली. "माझ्या हयातीपुरतं. भाड्यापोटी तुझ्या गाईंच्या धारा मी काढीन. तुला काढता येत नाहीत, पाहिलंय मी. गाय तुझ्याकडे वळून बघते."

मार्टिन हसायला गेला आणि थांबला. "छे, छे. हे? यात ओल आहे, सबिना. उंदीर आहेत. तुझ्यासारख्या बाईनं इथं राहायचं?"

"ओल मी काढीन आणि उंदरांना मांजर आणीन. दे मला."

"लोक काय म्हणतील? ऑस्टिन काय म्हणेल? आणि डिंप्नाला विचारायला हवं."

"विचार तिला. ऑस्टिनचं मी बघते. घर दे मला, मार्टिन."

तो दगड हातात धरून उभा राहिला. तिच्याकडे बघता बघता त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. फार जुनं, आईच्या स्वयंपाकघरातलं काहीतरी आठवावं तशा. ओठ हलले, जणू तो मनात काही मोजत होता.

"सबिना," तो म्हणाला, "त्या दिवशी, गवताच्या वेळी, तू जे म्हणालीस ते..."

"तो दिवस गेला," सबिना म्हणाली. "दिलेला शब्द मोडणारा तू नव्हेस, आणि दुसरीचा मोडून घेणारी मी नव्हे. घराचं बोल."

त्यानं दगड खाली ठेवला. बराच वेळ तो हात पुसत होता.

"घे," तो म्हणाला.

परत येताना तिला कुणी भेटलं नाही, हे बरं झालं. दलदलीच्या काठी ती टर्फच्या एका ढिगाआड बसली, आणि उठली तेव्हा निळ्या कोटाला मागून काळं लागलं होतं. तिनं ते घरी येऊन घासलं. त्याबद्दल ती कधीही कुणाशी बोलली नाही.

ऑस्टिननं आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. "लोक म्हणतील, बहिणीला हाकललं."

"मग त्यांना दाखव हाकललं नाहीस ते. छप्पर शाकारायला ये."

तो आला. थेडीही आला. शिडीवर कमी आणि शिडीखाली जास्त असायचा, पण राय धान्याच्या काड्यांची जुडी कशी बांधायची ते त्याला येत होतं. डिंप्नानं स्वतःहून नव्या घरातली उरलेली फरशी दिली. दोघी बायकांनी मिळून ती बसवली. काम संपल्यावर डिंप्ना म्हणाली, "मला इथल्या रीती विसरायला झाल्यात, सबिना. कुठं चुकले तर सांगत जा." सबिनानं तिच्याकडे बारकाईनं पाहिलं. तिला काही कळलंय की नाही, याचा थांग लागला नाही. "तुझं काही चुकत नाही," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. चूक कुणाचीच काढता येत नव्हती, यातच तर सगळं अवघड होतं. समोरच्या मोठ्या खिडकीत जन्मभर दिवा लागलेला बघायचा, हे तिनं स्वतः होऊन पत्करलं होतं. पदरी आलेल्या दोन गोष्टींपैकी तिनं दार असलेली उचलली, एवढंच.

लेंटच्या आधी ऊना नवरी होऊन आली. उंबरठ्याच्या आत सबिनानं विस्तवाचा चिमटा तिच्या हाती दिला, जसा घरची बाई नव्या बाईला देते. भिंतीतल्या कुठल्या फटीतून वारा येतो, कुठली कोंबडी अंडी लपवते, ऑस्टिनला ताप आला की तो लपवतो, हे सगळं सांगितलं. मग ऑस्टिननं तिला दिलेली एकुलती गाय दोरीला धरून ती बाहेर पडली. बादलीत गावागनांच्या चुलीतले निखारे होते.

आमच्याकडे दाराला दोन फळ्या असतात. खालची कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून लावलेली, वरची दिवसभर उघडी. येणाऱ्या-जाणाऱ्यानं मान आत घालावी, हाक मारावी, हवं तर यावं. दिवसाउजेडी वरची फळी लागली की समजायचं, घरात कुणीतरी गेलं.

पहिल्या दुपारी सबिनानं निखाऱ्यांवर टर्फ रचली, जाळ धरला, किटली चढवली. मग उठली आणि वरची फळी लावून घेतली. आतल्या मंद उजेडात खुर्ची चुलीशी ओढून, पाय पसरून, एकटीनं अख्खी किटलीभर चहा प्यायला बसली. तिच्या जन्मात तिच्यासमोर कुणाचा रिकामा कप नसल्याची ही पहिली वेळ.

थोड्या वेळानं बाहेर पावलं वाजली, घुटमळली. दारावर हलकी टकटक झाली.

"सिबी?" थेडीचा आवाज. टोपी काढलेला माणूस बोलतो तसा. "कोण गेलं गं?"

"कुणी नाही गेलं, थेडी."

"मग दार?"

"दार माझं आहे."

थेडीनं हे सगळ्या बाजूंनी उलटंपालटं करून बघितलं असावं. मग त्यानं टोपी डोक्यावर दाबली असावी, आणि पावलं रस्त्याला लागली. मिटलेलं दार बघून कोपऱ्यावर दोघी-तिघी आधीच जमल्या होत्या, एकीनं छातीवर क्रूसही केला होता.

"कुणी गेलेलं नाही," थेडी त्यांना सांगत गेला. "सिबी घरी आहे."